साडेनवाचं ऊन

दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं. मी काय डोंबल लिहिणार! सत्तावीस वर्षं लोअर परळच्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात सिस्टर होते, एवढंच. ट्रे धरले, कापूस दिला, रडणाऱ्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, तेच लिहा. मग म्हणाले, सोबत स्वतःचा एक फोटो पाठवा, अलीकडचा. तिथे मात्र माझं हसू थांबलं. लेखाचं बघते, फोटोचं नंतर बोलू, असं सांगून मी फोन ठेवला.

निवृत्त झाल्यापासून दुपारी जेवून जरा आडवी झाले की मला गाल दिसतात. माणूस दिसत नाही, नाव आठवत नाही, नुसता गाल येतो. त्याच्यावर डावीकडून कोवळं ऊन पडलेलं असतं आणि प्रत्येक खड्ड्यात एक छोटीशी सावली बसलेली असते. मी झोपेतच म्हणते, हनुवटी जरा वर घ्या. सून विचारते, आई, झोपेत कुणाची हनुवटी वर करत असता? आता तिला काय सांगू. दवाखान्यात फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. आधीचा आणि नंतरचा. मुरमांचे खड्डे घेऊन जो येईल त्याचा पहिल्या दिवशी एक फोटो, उपचार संपले की एक. बाकी सगळी कामं कुणीही करायचं, पण कॅमेऱ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला मॅडमना चालायचा नाही.

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. दादरच्या, बोलणं शुद्ध, राग नाकावर, हात मात्र लोण्यासारखे. पेशंट खुर्चीत बसला की त्या पहिलं वाक्य एकच बोलायच्या, 'पूर्ण जाणार नाहीत. कमी होतील. चालेल?' निम्मे लोक तिथेच हिरमुसायचे. मला वाटायचं, अहो मॅडम, आल्या आल्या कशाला सांगता. पण त्या ऐकायच्या नाहीत. जे एवढं ऐकूनही बसून राहायचे, त्यांच्यावर त्या जीव तोडून काम करायच्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं खड्डा म्हणजे खड्डा, वरून काहीतरी चोपडलं की भरला. तसं नसतं हो. सगळ्यात आधी मुरूम थांबवावे लागतात. येणारे मुरूम चालू असताना खड्डे भरायला बसणं म्हणजे पाऊस पडत असताना अंगण सारवणं. त्यासाठी क्रीम, गोळ्या, कुणाला महिनोन्‌महिने चालणारी ती जोरदार गोळी. तिने ओठ सुकतात, मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि बाईमाणसाने ती घेताना दिवस राहू द्यायचे नसतात, हे मॅडम तीन तीनदा बजावायच्या. मुरूम गेल्यावर जे काळे डाग राहतात ते खड्डे नव्हेत, ते वेळेने आणि उन्हापासून जपल्याने फिके होतात. लोक डागांनाच घाबरून अर्धमेले होऊन यायचे.

खरे खड्डे तीन तऱ्हेचे. काही दाभणाने टोचल्यासारखे, तोंड बारीक आणि आत खोल. त्यांच्यात मॅडम टूथपिकच्या टोकाने जहाल ॲसिडचा एकेक थेंब सोडायच्या. क्षणात तिथे पांढरं फटक पडायचं, आठवड्याने खपली निघायची आणि खड्डा तळातून हळूहळू वर यायचा. काही खड्डे रुंद, उभ्या कडांचे. त्यांना बारीक सुयांचं यंत्र, नाहीतर लेझर, अगदीच हट्टी असेल तर कापून टाका. आणि तिसरे लाटांसारखे, पसरट. त्यांच्यात कातडी आतून दोऱ्यांनी खाली बांधलेली असते. तिथे भूल देऊन कातडीखाली सुई सरकवायची आणि ते दोरे तोडायचे. तोडताना कचकच आवाज येतो.  मग आठवडाभर गाल काळानिळा. प्रत्येक वेळी मध्ये महिना दीड महिना थांबायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लेझर जास्त झाला तर खड्ड्याच्या जागी डाग बसतो, म्हणून मॅडम आधी कानाजवळ जरासा मारून बघायच्या. घाई केलेली त्यांना खपत नसे.

घाई मात्र सगळ्यांनाच. एक आई मुलाला घेऊन आली, लग्न बाराव्या दिवशी. मॅडम म्हणाल्या, बारा दिवसांत मी फक्त त्याचं तोंड सुजवून देऊ शकते. एकजण दाढी करायचा मोठं दाखवणारा आरसा पिशवीतून घेऊन आला, का तर साध्या आरशात खड्डे नीट दिसत नाहीत म्हणून. मॅडमनी त्याला औषध काहीच दिलं नाही, आरसा तेवढा ठेवून घेतला. आणि गिरगावचे एक निवृत्त गृहस्थ आले होते, पासष्टी उलटलेली. म्हणाले, चाळीस वर्षांपूर्वी करायचं होतं, तेव्हा असलं काही नव्हतं, मग संसार झाला. आता मोकळा आहे. कुणाला दाखवायचं नाही, मलाच बघायचं आहे. त्यांचा नंतरचा फोटो काढताना माझा हात जरा थांबला होता. त्याचं कारण आता सांगून टाकते.

माझे स्वतःचे दोन्ही गाल खड्ड्यांनी भरलेले आहेत. आम्ही लालबागचे, बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे, खोलीत आठ माणसं आणि आरसा एक, तोही दाराच्या मागे. सोळाव्या वर्षी मुरूम आले आणि मी ते नखांनी फोडले. आई म्हणायची, 'फोडू नको गो चेडवा, मागाहून रडशील.' रडले नाही, पण फोटोत उभी राहायची बंद झाले. लग्नाच्या फोटोंतसुद्धा माझी मान खाली आहे, लोकांना वाटतं लाजले. मॅडमनी किती वेळा म्हटलं, सुलभा, बस एकदा, करून टाकू. मी म्हणायचे, आता कशाला मॅडम, वय का माझं. खरं कारण वेगळं होतं. उपचार म्हटला की आधीचा फोटो आला. तसले मी शेकड्यांनी काढले होते, मला माझा बघायचा नव्हता.

आता ती फोटोची खोली. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, पूर्वेला एक मोठी खिडकी. समोर बंद गिरणीची बैठी शेड, त्यामुळे सकाळचं ऊन आडवं थेट आत. फ्लॅश समोरून पडला की खड्डे सपाट दिसतात, म्हणून मॅडमचा नियम होता, फ्लॅश नाही, सकाळचे साडेनऊ, खिडकीचं ऊन, गालाला बाजूने. खुर्चीच्या चार पायांच्या जागा फरशीवर लाल रंगाने रंगवलेल्या. कॅमेरा किती लांब, ते गाठ मारलेल्या सुतळीने ठरलेलं. ढगाळ दिवशी फोटो नाही. पेशंट उलटसुलट वेळ मागायचे, मी कुणाचं ऐकायचे नाही. साडेनवाचं ऊन त्या खोलीत आलं की सगळं कसं थांबल्यासारखं व्हायचं. रस्त्याचे हॉर्न लांब जायचे, धुळीचे कण तरंगायचे, खुर्चीतलं माणूस आपोआप गप्प बसायचं. मला तो अर्धा तास फार आवडायचा. अजून आवडतो, आता फक्त झोपेत.

संजना आली ती करोना सरून बरेच दिवस झाल्यावर. सगळ्यांचे मास्क उतरले होते, हिचा उतरला नव्हता. लालबागचीच पोर, सत्तावीस-अठ्ठावीसची, दादरला चष्म्याच्या दुकानात कामाला. काम असं की गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड नेऊन चष्मा बसवायचा, आणि दुकानाच्या चारी भिंतींना आरसे. मास्क काढायचे दिवस आले तशी तिने नोकरी सोडायचं मनात घेतलं होतं. मॅडमनी त्यांचं ते वाक्य टाकलं. ती म्हणाली, 'कमी झाले तरी चालतील. मला मास्क काढून दुकानात उभं राहायचंय, बस.'

फोटोच्या वेळी तिने मास्क उतरवला आणि डोळे मिटून घेतले. शाळेच्या ओळखपत्रानंतरचा हा तिचा पहिलाच फोटो, असं ती म्हणाली. गालांवर तिन्ही तऱ्हेचे खड्डे होते, आणि उजव्या भुवईच्या वर एक वेगळा, वाटाण्याएवढा. तो लहानपणीच्या कांजिण्यांचा. मॅडमनी तो बघितला आणि वहीत लिहायला लावलं, याला हात लावायचा नाही.

वर्षभर ती येत राहिली. आधी गोळ्या, मग थेंब, मग सुई, मग बारीक सुयांचं यंत्र. गाल सुजलेला घेऊन मास्कखाली कामाला जायची. एकदाही कुरकुर केली नाही. वर्षाच्या शेवटी मी तिचा नंतरचा फोटो काढला आणि आम्ही दोन्ही फोटो शेजारी लावून बघितले. मी एवढ्या वर्षांत असा फरक पाहिला नव्हता. गाल जवळजवळ सपाट. मॅडम चक्क टाळी वाजवून हसल्या. संजना हुंदके देऊन रडली, मग हसली, आणि मास्क आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेली. मॅडमनी जाहीर केलं, उपचार संपले. पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या एका मेळाव्यात हे फोटो दाखवायचे ठरले.

चार दिवसांनी मी ते फोटो नावानिशी लावून ठेवत होते. सहज नजर भुवईवर गेली. आधीच्या फोटोत कांजिण्यांचा खड्डा काळा, खोल. नंतरच्या फोटोत नव्हता. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. नव्हताच. ज्याला कुणी हात लावला नव्हता तो खड्डा गेला कसा? 

मी फोटोच्या खोलीत गेले. साडेनऊ वाजून गेले होते, बाहेर लख्ख दिवस होता, आणि फरशीवर उन्हाची तिरीप नव्हती. समोरची शेड कधीच पाडली होती, तिथे टॉवर उठत होता, हे रोज बघत होतोच की. हिरवी जाळी एकेक मजला वर गेली, तसं ऊन एकेक बोट कमी झालं. मग जाळी उतरली, काचा बसल्या, आणि त्या काचांवरून पांढरा, मऊ उजेड सगळीकडून आत यायला लागला. खोली उलट उजळ झाली. मॅडम एकदा म्हणाल्याही होत्या, बरं वाटतं गं आता इथे. असल्या मऊ उजेडात खड्ड्याला सावली पडत नाही. सुतळी मोजली, खुर्चीचे पाय मोजले, घड्याळ पाळलं, आणि समोरची अख्खी इमारत आम्हाला दिसली नाही. मॅडम तिला तपासायच्या तेव्हा ती आडवी झोपलेली असायची, आणि झोपल्यावर गालाचे खड्डे असेही पसरतात. त्यामुळे खरं काय ते फोटोच सांगणार, असा आमचा भरवसा. मी तिथल्या खुर्चीत बसूनच राहिले.

मी लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आठ दिवस गप्प बसले, आणि ह्याची मला अजून लाज वाटते. एका दुपारी दादरला त्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, काचेतून बघू, गाल नक्की कसा आहे ते. ती एका आजोबांना चष्मा घालून बघत होती. तोंड उघडं. आजोबा काहीतरी बोलले, ती मान मागे टाकून हसली, मग त्यांच्या कानामागची काडी सारखी केली. चारी बाजूंच्या आरशांत तीच. मी न शिरताच परत आले.

मेळावा तोंडावर आला तेव्हा मला राहवेना. मॅडमना भुवई दाखवली, खिडकी दाखवली. त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, 'सुलभा, तुला फोटो काढायला ठेवलंय, माझे पेपर तपासायला नाही.' आणि आत निघून गेल्या. मी ट्रे पुसत राहिले, पुसलेलेच पुन्हा पुसले. अर्ध्या तासाने बघते तर मॅडम फोटोच्या खोलीत खिडकीशी उभ्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, या वर्षाचे सगळे नंतरचे फोटो बाहेर काढ, सगळ्यांना परत बोलवायचं. मेळाव्याला मी चूकच दाखवीन, म्हणाल्या, लोकांच्या उपयोगी पडेल. मग जरा थांबून विचारलं, 'त्या मुलीला कोण सांगणार?' मी म्हटलं, मी सांगते.

संजना आली. मास्क नव्हता. मी तिला खिडकीपाशी उभं केलं, टॉवर दाखवला, दोन्ही फोटोंतली भुवई दाखवली. तिला समजायला वेळ लागला नाही, हुशार पोर. 

'म्हणजे खड्डे आहेत अजून?'

'आहेत,' मी म्हटलं. 'बरेच भरलेत, ते खोटं नाही. पण आहेत.'

तिने पर्स उघडली. आत एक घडी केलेला मास्क होता, अडीअडचणीला ठेवलेला. तो हातात घेतला.  

'दुकानात कसे दिसतात हो ताई? तुम्हाला तर नजर आहे. खरं सांगा.'

मी सांगून टाकलं की मी चोरून बघायला आले होते. 'खड्डे बघायलाच आले होते गं. तू त्या आजोबांशी हसलीस, आणि मी बघायचेच विसरले. परत आल्यावर आठवलं, अरे, गाल राहिलाच.'

तिने मास्कची घडी बोटांनी उलगडली, पुन्हा घातली. मग तिने मास्क पर्समध्ये ठेवला आणि मॅडमच्या टेबलावरचा टॉर्च मागितला. मी आणून दिला. ती लाल खुणांवरच्या खुर्चीत बसली, खिडकीचा पडदा मला ओढून घ्यायला लावला, आणि टॉर्च स्वतःच्या हाताने कानाजवळ धरला, अगदी बाजूने. एकेक खड्डा उठून दिसला. भुवईवरचासुद्धा. डोळे उघडे होते.

'आता काढा,' ती म्हणाली. 'हा खरा धरा. इथून पुढचं मोजा.'

मी फोटो काढला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, तो जरा हलला, दुसरा काढावा लागला. पुढे तिने आणखी तीनदा सुई घेतली. खड्डे अजून थोडे कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. आम्ही एक दिवा घेतला, तो भिंतीला ठोकून पक्का केला, आणि तेव्हापासून खिडकीचा पडदा कायम ओढलेला. दादरच्या दुकानात ती अजून आहे, आता तिथलं सगळं तीच बघते. हा चष्मा तिनेच बसवून दिलाय मला.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. फोटो झाल्यावर ती खुर्चीतून उठली आणि माझ्याकडे जरा निरखून बघत राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच बघत असावी. म्हणाली, 'ताई, तुमचा कधी काढलाय का?' मी नेहमीचं सुरू केलं, आता कशाला, वय का माझं. ती ऐकेना. कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला, मला दंडाला धरून बसवलं. फरशीवरच्या त्या खुणा मीच रंगवलेल्या, पण तिथून खोली कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. पडद्याच्या फटीतून टॉवरच्या काचांचा उजेड येत होता, पाण्यासारखा हलत होता.  संजनाने टॉर्च माझ्या हातात दिला आणि ती सुतळीची गाठ धरून मागे सरकली. जराशी हनुवटी वर घ्या, म्हणाली.

तो फोटो तेव्हापासून कपाटात होता. काल बाहेर काढला. सून म्हणाली, आई, हा नको, दुसरा चांगला काढू या की, मोबाईलमध्ये सगळं गुळगुळीत करता येतं. नको म्हटलं.

तोच सोबत पाठवते आहे. अलीकडचा नाही, पण माझ्याकडे एवढाच आहे. संपादकांना एकच विनंती, छापताना उजळ करू नका.